टार आज्ञेतील नमुन्यानुसार वगळणी

नमुन्यानुसार वगळणी म्हणजे कमांड लाइनवरून अनेक फाइलींची मिळून एक संग्रह-फाइल तयार करताना, ज्यांची नावे दिलेल्या नमुन्याशी जुळतात अशा फाइली व फोल्डर त्या संग्रहाबाहेर ठेवण्याची पद्धत होय. युनिक्स व लिनक्स परंपरेतील टार या आज्ञेत ही सोय प्रामुख्याने 'एक्सक्लूड' या पर्यायाने मिळते. झिप, सेव्हन-झिप, आरसिंक इत्यादी आज्ञांतही तशीच सोय आहे, परंतु जुळणीचे नियम प्रत्येकीचे निराळे आहेत. हा लेख मुख्यतः ग्नू टार या लिनक्सवर सर्वत्र आढळणाऱ्या आवृत्तीविषयी आहे.

वगळणीची गरज दोन कारणांनी पडते. पहिले कारण जागेचे व वेळेचे. तात्पुरत्या फाइली, नोंदींच्या फाइली, पुन्हा तयार करता येण्याजोगी संकलित आउटपुटे यांची प्रत ठेवण्यात अर्थ नसतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. परवलीचे शब्द, खाजगी किल्ल्या, वैयक्तिक माहिती अशा गोष्टी संग्रहाबरोबर बाहेर जाता कामा नयेत. वगळणी चुकली तर हानी दोन्ही बाजूंनी होते. जे वगळायचे ते आत राहते, किंवा जे राखायचे ते नकळत गळते. दुसऱ्या प्रकारची चूक सहसा त्याच दिवशी लक्षात येते, ज्या दिवशी मूळ फाइली नष्ट झालेल्या असतात आणि प्रत उघडून पाहावी लागते.

प्रस्तुत लेखात आज्ञा व पर्याय वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना ते रोमन लिपीतच द्यावे लागतात. तारा, प्रश्नचिन्ह, अवतरणे, तिरकी रेघ ही चिन्हे मात्र दाखवली आहेत तशीच द्यावयाची आहेत.

पार्श्वभूमी

टार हे नाव टेप आणि आर्काइव्ह या दोन शब्दांच्या संक्षेपातून आले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही आज्ञा प्रथम आली. त्या काळी फाइलींच्या प्रती चुंबकीय फितीवर ठेवीत. फीत सलग वाचावी लागते, म्हणून टारचा संग्रहही सलग मांडलेला असतो: प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटांचे शीर्षक, त्यामागून तिचा मजकूर, मग पुढील फाइल. असे २० ठोकळे मिळून १०,२४० बाइटांची एक नोंद होते, आणि फितीचे युग सरल्यावरही हाच आकार प्रचलित राहिला आहे.

त्या मूळ आज्ञेत नमुन्याने वगळण्याची सोय नव्हती. एक पर्याय असा होता की टारने प्रत्येक फाइलीचे नाव दाखवून वापरकर्त्याला विचारावे आणि होकार मिळाला तरच ती घ्यावी. दहा-वीस फाइलींपुरते हे ठीक होते. मोठ्या फोल्डरसाठी लोक फाइंड या आज्ञेने हव्या त्या नावांची यादी काढून ती टारकडे सोपवीत. ही पद्धत आजही वैध आहे आणि गुंतागुंतीच्या अटी असतील तेव्हा तीच बरी पडते.

ग्नू टारचा पाया जॉन गिलमोर यांनी लिहिलेल्या सार्वजनिक मालकीच्या टारवर रचला गेला. दुसरी मोठी शाखा बीएसडी टारची. ती टिम किएंट्झल यांच्या लिबआर्काइव्ह या संग्रहालयावर आधारलेली असून फ्रीबीएसडी व मॅकओएस या प्रणालींत येते. २०१८ पासून विंडोज १० मध्येही टार या नावाने हीच शाखा दिली जाते. पॉझिक्स या मानकाने पुढे टारऐवजी पॅक्स नावाची आज्ञा स्वीकारली. परिणामी 'एक्सक्लूड' हा पर्याय कोणत्याही औपचारिक मानकाने बांधलेला नाही, आणि एका संगणकावर तपासलेली आज्ञा दुसऱ्यावर तंतोतंत तशीच वागेल असे गृहीत धरता येत नाही.

नमुन्यांची चिन्हे

वगळणीचे नमुने ग्लॉब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने लिहितात. युनिक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत याच नावाचा एक स्वतंत्र प्रोग्राम होता. शेलने त्याच्याकडे नमुना द्यावा आणि त्याने जुळणाऱ्या नावांची यादी करावी, अशी ती व्यवस्था होती. प्रोग्राम गेला, पद्धतीला त्याचे नाव राहिले.

चिन्हे थोडीच आहेत. तारा (*) म्हणजे कितीही अक्षरे, अगदी शून्य अक्षरेसुद्धा. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक अक्षर. चौकटी कंसात दिलेल्या अक्षरांपैकी कोणतेही एक चालते. [०-९] असा पल्लाही देता येतो. कंसात आरंभी उद्गारचिन्ह दिल्यास अर्थ उलटा होतो, म्हणजे त्या अक्षरांखेरीज कोणतेही एक. यापैकी एखादे चिन्ह त्याच्या शब्दशः अर्थाने हवे असेल तर त्याआधी उलटी तिरकी रेघ देतात.

ज्यांनी रेग्युलर एक्स्प्रेशन ही अधिक समृद्ध नमुनाभाषा आधी शिकलेली असते त्यांचा येथे घोटाळा होतो. त्या भाषेत टिंबाचा अर्थ कोणतेही एक अक्षर आणि ताऱ्याचा अर्थ आधीच्या घटकाची पुनरावृत्ती असा आहे. ग्लॉबमध्ये टिंब हे केवळ टिंब असते. '*.लॉग' या नमुन्यात 'टिंब लॉग' असा शेवट असलेलीच नावे येतात, 'कॅटलॉग' येत नाही.

शेल आणि अवतरणचिन्हे

वगळणीतील बहुसंख्य चुका टारच्या नसून शेलच्या असतात. टंकलेली ओळ टारपर्यंत पोहोचण्यापूर्वी शेल ती वाचतो, आणि ताऱ्याचा अर्थ लावण्याचा पहिला हक्क त्याचा असतो. म्हणून नमुना एकेरी अवतरणात ठेवणे हा या विषयातील पहिला नियम आहे:

टार -सी -झेड -एफ प्रत.टार.जीझेड --एक्सक्लूड='*.लॉग' दिवाळी-अंक

येथे 'सी' म्हणजे नवा संग्रह करणे, 'झेड' म्हणजे जीझिपने आकुंचित करणे, आणि 'एफ' च्या पुढे संग्रहाचे नाव येते. शेवटचा शब्द हा ज्याची प्रत घ्यावयाची त्या फोल्डरचा.

अवतरणे गाळली आणि बरोबरीच्या चिन्हाऐवजी मोकळी जागा सोडली, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. समजा, आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत त्यात 'काल.लॉग' व 'आज.लॉग' अशा दोन फाइली आहेत आणि ओळ अशी टंकली:

टार -सी -एफ प्रत.टार --एक्सक्लूड *.लॉग दिवाळी-अंक

शेल ताऱ्याच्या जागी दोन्ही नावे भरतो. टारला दिसते ते असे: 'आज.लॉग' वगळा, आणि 'काल.लॉग' व 'दिवाळी-अंक' यांचा संग्रह करा. म्हणजे जी फाइल वगळायची होती तिलाच संग्रहात मानाचे पान मिळते, आणि 'दिवाळी-अंक' मधील इतर सर्व नोंदफाइलीही आत जातात. आपल्या फोल्डरमध्ये अशी एकच फाइल असती तर संग्रहात आगंतुक कोणी आले नसते, पण फक्त त्या एका नावाची फाइल वगळली गेली असती. एकही नसती तर बॅश हा शेल नमुना जसाच्या तसा पुढे पाठवतो, आणि आज्ञा अगदी अपेक्षेप्रमाणे चालली असती. एकच ओळ उभे राहण्याच्या जागेनुसार तीन प्रकारे वागते. त्यामुळे अशी आज्ञा महिनोनमहिने बिनतक्रार चालते आणि एके दिवशी कोणी त्या फोल्डरमध्ये दोन फाइली ठेवल्या की बिघडते. झेडशेल हा शेल या बाबतीत कडक आहे. जुळणारे नाव न मिळाल्यास तो मुळात आज्ञाच चालवत नाही, आणि त्याचा हा कडकपणा उपकारकच म्हटला पाहिजे.

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये परिस्थिती उलट आहे. तेथे शेल ताऱ्याचा विस्तार करीत नाही, परंतु एकेरी अवतरणालाही अवतरण मानत नाही. ते चिन्ह नमुन्याचा भाग होऊन टारपर्यंत जाते आणि नमुना कशाशीच जुळत नाही. तेथे दुहेरी अवतरणे द्यावीत.

जुळणीचे नियम

ग्नू टारमध्ये वगळणीच्या नमुन्यांना तीन गोष्टी मुळातच लागू असतात: त्यांतील चिन्हांना विशेष अर्थ असतो, नमुना नावाच्या आरंभाशी बांधलेला नसतो, आणि तारा तिरकी रेघही ओलांडतो. प्रत्येकीचे परिणाम दूरगामी आहेत.

'बांधलेला नसतो' याचा अर्थ नमुना मार्गातील कोणत्याही घटकापासून जुळू शकतो. --एक्सक्लूड='तात्पुरते' असे दिले तर 'दिवाळी-अंक/तात्पुरते' जाते, तसेच 'दिवाळी-अंक/लेख/कथा/तात्पुरते' हेही जाते. घटक मात्र पूर्ण जुळावा लागतो. 'तात्पुरते-२' हे फोल्डर राहते. जुळलेले नाव फोल्डरचे असेल तर टार त्याच्या आत उतरतच नाही, त्यामुळे आतले सर्व काही एका फटक्यात बाहेर राहते.

येथेच अतिवगळणीचा धोका आहे. जुन्या काळी कोलमडलेला प्रोग्राम आपल्या स्मृतीची प्रत 'कोअर' नावाच्या फाइलीत टाकून जात असे, म्हणून 'कोअर' हे नाव वगळण्याच्या कित्येक याद्यांत बसले. आरसिंकच्या सीव्हीएस-शैलीतील तयार यादीत ते आजही आहे. परंतु प्रकल्पाचा गाभा ज्या फोल्डरात आहे त्याला 'कोअर' असे नाव देणे आज सर्रास चालते. अशी यादी डोळे झाकून वापरली तर गाभा वगळून कवच जपले जाते. 'बिल्ड', 'डेटा', 'लिब' यांसारख्या सामान्य नावांनाही हीच गोष्ट लागू आहे.

नमुना फक्त वरच्या पातळीवरच लागावा असे वाटत असेल तर 'अँकर्ड' हा पर्याय आधी देऊन पूर्ण मार्ग लिहितात:

टार -सी -एफ प्रत.टार --अँकर्ड --एक्सक्लूड='दिवाळी-अंक/तात्पुरते' दिवाळी-अंक

'अँकर्ड' व त्याचा विरुद्धार्थी 'नो-अँकर्ड' हे आपल्या पुढे येणाऱ्या नमुन्यांवर परिणाम करतात, त्यामुळे एकाच ओळीत काही नमुने बांधलेले आणि काही मोकळे ठेवता येतात.

तारा तिरकी रेघ ओलांडतो, हे शेलच्या सवयीच्या विरुद्ध आहे. शेलमध्ये 'लेख/*.पीडीएफ' म्हणजे केवळ 'लेख' मधील पीडीएफ. टारच्या वगळणीत तोच नमुना 'लेख/कविता/जुन्या/मुखपृष्ठ.पीडीएफ' यालाही लागू होतो. हे नको असेल तर 'नो-वाइल्डकार्ड्स-मॅच-स्लॅश' असा लांबलचक पर्याय आहे. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींबाबतही तसेच. शेलचा तारा त्यांना सोडून देतो, टारचा सोडत नाही.

या दोन नियमांच्या संयोगातून एक प्रसिद्ध फसगत उद्भवते. लपलेल्या फाइली नकोत म्हणून --एक्सक्लूड='.*' असा नमुना द्यावा आणि संग्रह करावयाचे ठिकाण म्हणून केवळ टिंब, म्हणजे चालू फोल्डर, द्यावे. त्या टिंबाचेच नाव नमुन्याशी जुळते, आणि संग्रह पूर्णपणे रिकामा तयार होतो. यावर '.[!/]*' असा नमुना चालतो, कारण त्यात टिंबानंतर तिरकी रेघ सोडून दुसरे काहीतरी अक्षर असणे बंधनकारक होते. याहून सोपा उपाय म्हणजे एक पायरी वर जाऊन फोल्डरचे नाव घेऊन संग्रह करणे.

जुळणी नेहमी टार ज्या रूपात नाव उच्चारतो त्याच रूपाशी होते. आज्ञेत टिंब दिले असेल तर नावे './लेख' अशी होतात. फोल्डरचे सापेक्ष नाव दिले असेल तर 'दिवाळी-अंक/लेख' अशी. म्हणून संग्रह सापेक्ष नावाने करीत असताना नमुन्यात मुळापासूनचा संपूर्ण मार्ग दिला, तर तो कधीच जुळत नाही आणि टार त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. फोल्डरच्या नावापुढे शेवटी तिरकी रेघ देण्याची सवयही टाळावी. टार जुळणीसाठी जे नाव घेतो त्याच्या शेवटी ती रेघ नसते, म्हणून 'तात्पुरते/' हा नमुना निष्फळ ठरू शकतो.

नमुन्याचे ओळीतील स्थानही महत्त्वाचे आहे. ग्नू टारच्या नव्या आवृत्त्यांत 'एक्सक्लूड' आपल्या पुढे आलेल्या फाइल-नावांवरच लागू होतो. तो ओळीच्या शेवटी दिला तर टार सूचना दाखवते, पण वगळणी होत नाही. अनेक जुन्या पुस्तकांतील उदाहरणे वगळणी शेवटी दाखवतात, आणि ती आज तशीच उतरवून घेता येत नाहीत. वगळणी आधी, फोल्डर शेवटी, हा क्रम सर्व आवृत्त्यांना मानवतो.

आणखी एक मर्यादा अशी की वगळलेल्यातून परत काही आत घेण्याची सोय ग्नू टारच्या या पर्यायात नाही. 'तात्पुरते' वगळा पण त्यातील 'यादी' ठेवा, असे सांगता येत नाही. 'तात्पुरते/यादी' असे नाव स्वतंत्रपणे दिले तरी ते आधीच्या नमुन्याशी जुळते आणि गळते. अशा वेळी फाइंडने यादी तयार करणे किंवा पहिल्या नमुन्याची व्याप्ती कमी करणे हेच मार्ग उरतात.

नमुन्यांची यादी आणि खुणेच्या फाइली

नमुने पाच-सहापेक्षा अधिक झाले की ते एका साध्या मजकूर-फाइलीत, प्रत्येक ओळीवर एक असे लिहून, 'एक्सक्लूड-फ्रॉम' या पर्यायाने (लघुरूप मोठ्या लिपीतील -एक्स) टारला देतात. या फाइलीत अवतरणे घालू नयेत, कारण ती शेल वाचत नसून टार स्वतः वाचते. रिकाम्या ओळी चालतात. आकड्याच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ येथे टीप मानली जात नाही, तीही एक नमुनाच ठरते. ओळीच्या आरंभी राहिलेली मोकळी जागासुद्धा नमुन्यात मोजली जाते आणि डोळ्यांना सहज दिसत नाही.

काही याद्या ग्नू टारमध्ये तयार मिळतात. 'एक्सक्लूड-व्हीसीएस' हा पर्याय गिट, सबव्हर्जन, सीव्हीएस इत्यादी आवृत्ती-नियंत्रण प्रणालींची अंतर्गत फोल्डरे व फाइली बाजूला ठेवतो. 'एक्सक्लूड-बॅकअप्स' संपादकांनी मागे सोडलेल्या, तरंगरेषेने संपणाऱ्या प्रती वगळतो. 'एक्सक्लूड-व्हीसीएस-इग्नोअर्स' हा प्रत्येक फोल्डरमधील 'गिटइग्नोअर' सारखी फाइल वाचून त्यातील नमुने पाळतो.

नावाऐवजी खुणेवरून वगळणे ही निराळी आणि माझ्या मते अधिक शहाणपणाची कल्पना आहे. कॅशचे फोल्डर तयार करणाऱ्या प्रोग्रामनेच त्यात 'कॅशडिर.टॅग' नावाची एक छोटी फाइल ठेवावी, तिच्या आरंभी ४३ अक्षरांची ठरावीक खूण असावी, आणि प्रत घेणाऱ्या साधनांनी ती ओळखावी, असा संकेत ब्रायन फोर्ड यांनी मांडला. 'एक्सक्लूड-कॅशेस' हा पर्याय तो पाळतो. फोल्डरचे नाव काहीही असले तरी चालते, आणि नावावरून अंदाज बांधण्याची जबाबदारी प्रत घेणाऱ्यावर येत नाही. 'एक्सक्लूड-टॅग' या पर्यायाने आपल्या पसंतीची कोणतीही फाइल अशी खूण म्हणून वापरता येते. त्याचे तीन प्रकार आहेत: साध्या प्रकारात फोल्डर व खुणेची फाइल राहतात आणि बाकीचे जाते, 'अंडर' जोडल्यास रिकामे फोल्डर तेवढे राहते, 'ऑल' जोडल्यास फोल्डरसुद्धा जाते.

इतर आज्ञांमधील फरक

झिपमध्ये 'एक्स' हा लघुपर्याय सहसा ओळीच्या शेवटी येतो, कारण त्याच्यामागे नमुन्यांची मालिका देता येते. झिपचा नमुना संपूर्ण मार्गाशी जुळावा लागतो आणि त्यातील तारा तिरकी रेघ ओलांडतो. फोल्डर वगळण्यासाठी केवळ त्याचे नाव पुरत नाही. '*/तात्पुरते/*' असे आतल्या सर्व फाइलींना उद्देशून लिहावे लागते. सेव्हन-झिपमध्ये 'एक्स' नंतर उद्गारचिन्ह व मग नमुना येतो, आणि सर्व उपफोल्डरांत तो लागू व्हावा यासाठी मध्ये 'आर' हे अक्षर घालतात. बॅशमध्ये उद्गारचिन्हालाही विशेष अर्थ असल्याने तेथे एकेरी अवतरण अधिकच अगत्याचे.

आरसिंक हे संग्रह करणारे साधन नव्हे, ते फाइली एका ठिकाणाहून दुसरीकडे नेते. तरीही त्याचा उल्लेख आवश्यक आहे, कारण अनेकजण एकच वगळणी-यादी दोन्हीकडे वापरू पाहतात. आरसिंकमध्ये एक तारा तिरक्या रेघेपाशी थांबतो व दोन तारे ती ओलांडतात; आरंभीची तिरकी रेघ म्हणजे हस्तांतरणाच्या फोल्डरचे मूळ; शेवटची तिरकी रेघ म्हणजे 'हे फोल्डर असेल तरच'. शिवाय तेथे 'इन्क्लूड' व 'एक्सक्लूड' यांचा क्रम पाहिला जातो आणि प्रथम जुळलेला नियम अंतिम ठरतो. यांतील जवळपास प्रत्येक मुद्द्यावर ग्नू टारचे वर्तन वेगळे आहे. याद्या वेगळ्या ठेवणेच इष्ट.

मॅकओएसवर टार करताना फाइंडरने ठेवलेल्या 'डीएस-स्टोअर' फाइली नावाने वगळता येतात. टिंब व अधोरेखेने सुरू होणाऱ्या ज्या जोडफाइली संग्रह दुसरीकडे उघडल्यावर दिसतात, त्या मात्र प्रत्यक्ष डिस्कवर नसतात. टारच त्या प्रणालीची जादा माहिती ठेवण्यासाठी त्या तयार करते. त्या टाळण्यासाठी 'कॉपीफाइल-डिसेबल' या परिवेश-चलाचे मूल्य १ करून मग आज्ञा देतात.

देवनागरी नावे

मराठी फाइल-नावांबाबत नमुने लिहिताना काही अडचणी येतात आणि त्यांचे मूळ युनिकोडमध्ये आहे. वाचकाच्या दृष्टीने 'कि' हे एक अक्षर. युनिकोडच्या दृष्टीने क आणि ऱ्हस्व वेलांटी अशी दोन चिन्हे. नमुन्यातील प्रश्नचिन्ह एका चिन्हाशी जुळते, म्हणून 'कि' साठी दोन प्रश्नचिन्हे लागतात आणि 'क्षि' साठी चार. संगणकाची भाषा-मांडणी यूटीएफ-८ नसून जुन्या 'सी' प्रकारची असेल तर प्रश्नचिन्ह एकेका बाइटाशी जुळते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. त्याच मांडणीत टारच्या यादीत मराठी नावांऐवजी \३४०\२४४ अशा अंकांच्या माळा दिसतात. नावे बिघडलेली नसतात, केवळ दाखवण्याची पद्धत तशी असते. देवनागरीत प्रश्नचिन्ह न वापरता ताऱ्यावर भागवावे हे उत्तम.

याहून अवघड प्रकार म्हणजे दिसायला एक आणि लिहायला दोन. 'ॲप' या शब्दातील पहिले अक्षर एकाच स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते किंवा 'अ' वर अर्धचंद्र देऊन. पहिले चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीची नावे दुसऱ्याच पद्धतीची असणार. दोन्ही कळफलक आजही वापरात आहेत. एका पद्धतीने टंकलेला नमुना दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या नावाशी जुळत नाही. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतील अर्ध्या ऱ चेही तसेच: कोणी नुक्ता असलेल्या ऱ ने लिहितो, कोणी साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. शिवाय तो ऱ एक चिन्ह म्हणून किंवा र व नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणूनही साठवता येतो, आणि मॅकची जुनी एचएफएस-प्लस ही फाइल-प्रणाली नावे अशीच सुटी करून साठवीत असे. दोन्ही रूपे कागदावर छापली तर भाषेचा जाणकारही फरक सांगू शकणार नाही. नमुन्यात अशी अक्षरे टाळून त्यांच्या जागी तारा द्यावा, अथवा नाव हाताने न टंकता यादीतून उचलून घ्यावे.

पडताळणी आणि गुप्त माहिती

टार काय वगळले ते सांगत नाही. 'व्ही' हा पर्याय दिला तरी जे आत गेले तेवढेच दिसते. म्हणून संग्रह तयार झाल्यावर 'टी' पर्यायाने त्यातील यादी काढून पाहणे आवश्यक असते. संग्रह मोठा असेल तर आधी रंगीत तालीम करता येते. संग्रहाचे नाव म्हणून 'डेव्ह' खालील 'नल' ही युनिक्सची अथांग विहीर द्यावी आणि 'व्ही' जोडावा. ग्नू टार अशा वेळी फाइलींचा मजकूर वाचण्याचे श्रमही घेत नाही, केवळ नावे छापते, त्यामुळे उत्तर झटपट मिळते. वगळणीसह आणि वगळणीविना अशा दोन याद्या काढून त्यांतील फरक पाहिला की नेमके काय गळले हे कळते.

संग्रह दुसऱ्याला द्यावयाचा असेल तर एवढ्यावर विसंबणे योग्य नाही. वगळणीची यादी ही मुळातच 'मला माहीत असलेल्या नको त्या गोष्टींची' यादी असते. उद्या कोणी प्रकल्पात परवलीच्या शब्दांची नवी फाइल नव्या नावाने ठेवली, तर जुन्या यादीला ती ओळखता येत नाही आणि ती निमूटपणे बाहेर जाते. बाहेर पाठवण्याच्या संग्रहासाठी उलट पद्धत, म्हणजे हवे तेच नाव घेऊन सांगणे, अधिक सुरक्षित ठरते. टारमध्ये 'टी' या मोठ्या लिपीतील पर्यायाने अशी नावांची यादी देता येते. जावास्क्रिप्टच्या जगातील एनपीएम हे साधन प्रकाशित करण्याचे पॅकेज टार-संग्रहाच्याच रूपात बांधते आणि त्यात दोन्ही मार्ग आहेत: वगळणीची 'एनपीएमइग्नोअर' फाइल किंवा समावेशाची 'फाइल्स' ही यादी. येथे एक बारकावा आहे. 'एनपीएमइग्नोअर' नसेल तर एनपीएम 'गिटइग्नोअर' वाचते. ती नव्याने तयार केली की त्याच फोल्डरातील 'गिटइग्नोअर' कडे दुर्लक्ष होते. एखादी चाचणी-फाइल वगळावी म्हणून कोणी ती तयार करतो, आणि आतापर्यंत 'गिटइग्नोअर' मुळे झाकलेली गुप्त फाइल उघडी पडते. प्रकाशनापूर्वी 'ड्राय-रन' पर्यायाने आत काय जाणार ते पाहता येते. गिटच्या स्वतःच्या 'आर्काइव्ह' आज्ञेत हा धोका कमी आहे, कारण ती मुळात नोंदवलेल्या फाइलीच घेते, आणि त्यांतील काही नको असतील तर 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलीत त्यांच्यापुढे 'एक्सपोर्ट-इग्नोअर' असे लिहावे लागते.

नको असलेली फाइल संग्रहात गेल्याचे पाठवण्यापूर्वी लक्षात आले, तर ग्नू टारमधील 'डिलीट' पर्यायाने ती काढता येते. मात्र संग्रह आकुंचित केलेला असेल तर हा पर्याय चालत नाही, तो पुन्हा नव्याने करावा लागतो. संग्रह एकदा बाहेर गेला असेल तर त्यातील परवलीचे शब्द व किल्ल्या रद्द करून नव्या घेतल्या जातात, कारण कोणाकोणाकडे प्रत पोहोचली हे त्यानंतर शोधता येत नाही.